पगारात समाधानी कसे राहावे

सांगलीच्या विश्रामबागेत वरच्या मजल्यावर बसून बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रॉडक्ट मार्केटिंग, म्हणजे ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या गळी उतरवायचं काम, करताय ना? मग पगाराबद्दल कुरकुर शोभत नाही. समाधान ही सवयीची गोष्ट आहे, लावून घ्या.

सुरुवात ऑफर लेटरपासून. ते नुसतं वाचू नका, त्याला दाद द्या. नवं प्रॉडक्ट बाजारात आणताना तुम्ही आजवर लिहिलेल्या कुठल्याही लॉन्च डेकपेक्षा (म्हणजे सादरीकरणापेक्षा) ते सरस आहे. पॅकेज 18 लाख. त्याला बारानं भागून दीड लाख महिना हा हिशेब फक्त मुलीकडच्यांसमोर करायचा. एरवी मनात ठेवायचं की त्यात 15 टक्के व्हेरिएबल आहे, म्हणजे टार्गेट गाठलं तरच मिळणारा भाग. कंपनीनं भरायचा पीएफ आहे. ग्रॅच्युइटीही आहे, आणि ती पाच वर्षं टिकलात तर (प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये, पाच वर्षं!). मूळ पगार निम्मा धरला, तुमचा पीएफ, वर्षाचा 2,500 रुपये व्यवसायकर आणि आयकर कापला, की हातात महिन्याला लाखभर पडतात. उरलेल्याला ‘एकूण मूल्य’ म्हणतात. तुम्हीही ग्राहकाला हेच म्हणता, तेव्हा रागवायचं कारण नाही.

व्हेरिएबलचं तत्त्व सोपं आहे. टार्गेट गाठलं तर सेल्सचं यश, नाही गाठलं तर मेसेजिंग, म्हणजे तुम्ही लिहिलेलं, चुकलं. शेअर मिळतील असंही सांगितलंय ना? चार वर्षांत मिळतील. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत, म्हणजे अकराव्या महिन्यात, कंपनीची ‘पुनर्रचना’ होऊन तुमची नोकरी गेली तर भोपळा. आणि कंपनी बाजारात लिस्टच नसेल, तर मिळालेले शेअरसुद्धा विकायचे कुणाला, हे विचारून वातावरण बिघडवू नका.

सांगलीत खर्च कमी, म्हणून पगारही थोडा खाली, हे मुकाट पटवून घ्या. तुमचं सॉफ्टवेअर मात्र सांगलीच्या दुकानदाराला बंगळुरूच्याच भावानं विकायचं. तिथं स्थानिक खर्चाचा मुद्दा काढायचा नसतो, ते पोझिशनिंगला, म्हणजे प्रॉडक्टच्या बाजारातल्या प्रतिमेला, मारक.

एक पथ्य कडक पाळा. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जाऊ नका. तिथं दर सगळ्यांसमोर पुकारतात, शेजारच्या ढिगाला किती मिळाला तेही ऐकू येतं. ही खोड लागली की शेजारच्या प्रॉडक्ट मॅनेजरला किती मिळतात, हे विचारावंसं वाटायला लागतं.

‘म्हणजे नेमकं काय करतोस रे? जाहिराती का?’ असं काकांनी विचारलं तर ‘हो’ म्हणून मोकळे व्हा. पुढचा प्रश्न पगाराचाच असतो.

आणि वर्षाखेरीस एचआरचा फॉर्म येईल: पगाराबाबत किती समाधानी, एक ते पाच. पाच देऊ नका, जास्त देतोय की काय असं त्यांना वाटेल. तीन दिलेत तर अर्ध्या तासाचा कॉल लागेल. निमूट चार द्या. फॉर्म निनावी असतो म्हणतात, पण उघडायला तुमचाच कंपनीचा ईमेल लागतो.