फाइल उघडलीच नाही

गेल्या नोव्हेंबरात एका पहाटे चार वाजता आम्ही सगळे लातुरात दाजींच्या घरी फोनकडं बघत बसलो होतो. मेलबर्नला तेव्हा साडेनऊ झालेले. भाच्याच्या स्टुडंट व्हिसाच्या अपिलाची सुनावणी होती. दाजींच्या मांडीवर फाइल: सातबारा, आठ-अ, प्लॉटचं व्हॅल्युएशन, सीएचं सर्टिफिकेट. काही मागितलं तर लगेच फोटो काढून पाठवायचा, म्हणून ताईनं चष्मासुद्धा पुसून ठेवलेला.

पंचवीस मिनिटांत फोन आला. "मामा, संपलं. आज चालू सीओई आहे का, एवढंच विचारलं."

सीओई म्हणजे कॉलेजात नाव असल्याचा पुरावा. त्याचा रद्द झाला होता.

खरं सांगायचं तर मूळ नकार अगदीच बिनबुडाचा नव्हता. मास्टर्स झाल्यावर पोरगं डिप्लोमाला बसलं. हा शिकायला थांबलाय की नुसता थांबायला, अशी शंका कुणालाही आली असती. आम्ही पावणेदोन वर्षं त्याच शंकेचं उत्तर गोळा करत राहिलो. पण ऑस्ट्रेलियाच्या नियमावलीत ५००.२११ म्हणून एक कलम आहे. निकालाच्या दिवशी कोर्सला नाव पाहिजे. अर्ज केला त्या दिवशी होतं, हे चालत नाही. नाव नसेल तर अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलला दया दाखवायची मुभाच नाही. हेतू खरा की खोटा, तिथपर्यंत गाडी जातच नाही.

मग नाव गेलं कसं? एजंट म्हणाला होता, "अपील लागेपर्यंत फी कशाला घालता पाण्यात?" आम्हाला पटलं. सोयाबीनला भाव नाही, त्यात डॉलरची फी. वाचली तर वाचली. हप्ता थांबला, कॉलेजनं सीओई रद्द केला. भाच्याकडं ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निकाल लागेपर्यंत तिथं राहायचा तात्पुरता व्हिसा होता, शिकायची परवानगीही होती. सुनावणीआधी ट्रिब्युनलनं सीओई मागणारं पत्रही पाठवलं होतं. ते गेलं एजंटाच्या ईमेलवर, कारण फॉर्मवर पत्ता त्याचाच. आम्हाला ते निकालानंतर दिसलं. त्याच्यावर राग आहेच. पण फॉर्मवर सही करताना पत्ता कुणाचा लिहिलाय, हे आमच्यापैकी एकानंही वाचलं नाही.

आणखी एक. ही अपिलाची सोय प्रामुख्यानं तिकडं राहून अर्ज केलेल्यांना. लातूर-नांदेडात बसून केलेला अर्ज नाकारला तर बहुतेक वेळा अपील नसतंच. नवा अर्ज करायचा आणि व्हिसाची नवी फी भरायची. ती जुलै २०२४ मध्ये ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरची १६०० झाली आणि वर्षभरात २०००. तेव्हा "नकार आला तर बघू की अपिलात" असं कुणी इथं बसून सांगत असेल तर कोणतं अपील, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

परवा अहमदपूरहून एकांचा फोन आला. मुलगी सिडनीत, अपील पडून आहे. म्हणाले, "सातबारा घेऊन येऊ का?"

म्हटलं, सातबारा राहू द्या. लेकीला फोन लावा, सीओईवर शेवटची तारीख कोणती आहे ते विचारा.

लाइनवर बराच वेळ शांतता होती.