केआय-६७चा आकडा बदलतो, म्हणून चाचणी थोतांड?

नमस्कार अनामिक,

बायोप्सी रिपोर्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा मथितार्थ असा : बहिणीच्या स्तनातल्या गाठीचा तोच ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन लॅबमध्ये दाखवला. एकीने केआय-६७, म्हणजे पेशी विभाजनात असल्याची खूण देणारं प्रथिन, १६ टक्के पेशींत दाखवलं, दुसरीने २४. वर तुम्ही असंही वाचलंत की उंदरांमधून हे प्रथिन काढून टाकलं तरी त्यांच्या पेशी खुशाल विभागत राहतात. तेव्हा ही चाचणी थोतांड आणि माझा लेख लॅबवाल्यांची जाहिरात.

जाहिरातीचं सोडा. बाकीच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, निष्कर्ष तेवढा पटत नाही.

उंदरांपासून सुरुवात करतो. २०१६ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटाने केआय-६७चं जनुक बिघडवलेले उंदीर वाढवले. ते नीट वाढले, वेळेवर म्हातारेही झाले. म्हणजे विभाजनासाठी हे प्रथिन अत्यावश्यक नाही, कबूल. पण खूण व्हायला कारण असावं लागतं, असं कुठे आहे? लग्नघरापुढचा मांडव उतरवला म्हणून लग्न मोडत नाही. तरी मांडव दिसला की आत कार्य आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीच्या केंद्रकात केआय-६७ सापडतं, चक्राबाहेर विसावलेल्या पेशीत ते जवळपास नसतंच. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी ते ओळखणारी प्रतिपिंडं शोधली, तेव्हापासून आम्ही वापरतो ती एवढीच गोष्ट.

आणि उंदरांची ती कथा तुम्ही अर्धीच वाचलीत. त्याच गटाने २०२१ मध्ये पुढचा भाग छापला. रसायन देऊन आतड्यात गाठी निर्माण करायचा प्रयत्न केला, तेव्हा केआय-६७ नसलेल्या उंदरांनी त्याला चांगलाच विरोध केला. हे प्रथिन नसलं की हजारो जनुकांच्या कामाची पातळी बदलते, डीएनएचे घट्ट गुंडाळून ठेवलेले भाग सैल पडतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी त्याचं आणखी एक काम दाखवलं : विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांवर थर देऊन बसतं आणि ती एकमेकांना चिकटू देत नाही. निरोगी पेशीचं याच्यावाचून भागतं, गाठीचं तितकंसं भागत नाही. मला स्वतःला या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते.

आता १६ आणि २४. ती प्रतिपिंडं वापरून रंगवलेल्या स्लाइडवर चक्रात असलेली केंद्रकं तपकिरी दिसतात, बाकीची निळी. कर्करोगाच्या किमान ५०० पेशी मोजून त्यातल्या तपकिरी किती, हे काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण गाठीच्या कडेला तपकिरी पेशींची दाटी असते आणि मध्ये ओसाड, मोजायचं कुठे? मध्येच लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) घुसलेले असतात, तेही तपकिरी, ते वगळायचे. फिकट चहासारख्या रंगाचं केंद्रक धरायचं की नाही, यावर एकाच खोलीतले दोन पॅथॉलॉजिस्ट भांडू शकतात. त्याआधी ऑपरेशन थिएटरमधून निघालेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला असेल तर रंगच कमी येतो. ब्लॉक एकच असल्यामुळे तुमच्या बाबतीत हे कारण बाद, उरते ती रंगवण्यातली आणि मोजणीतली तफावत.

हे आमच्या क्षेत्रात कुणी लपवलेलं नाही. स्तनाच्या कर्करोगातल्या केआय-६७साठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये लिहूनच टाकलं की इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन संप्रेरक पकडणारं प्रथिन असलेल्या), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे वाढीचं प्रथिन जास्त नसलेल्या), सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठीत ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त या दोन टोकांवर विसंबावं. केवळ मधल्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. अमेरिकेत अबेमासिक्लिब हे कर्करोगाचं औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठीसाठी त्याच वर्षी केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट घालून मंजूर झालं आणि २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. उलट बर्किट लिम्फोमा या झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोसाइटच्या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक केंद्रक तपकिरी असतं, तिथे दोन लॅब भांडत नाहीत. चाचणी तीच, प्रश्न बदलला की तिची किंमत बदलते.

तुमच्या बहिणीचे दोन्ही आकडे याच मधल्या पट्ट्यात येतात. म्हणून तिसऱ्या लॅबमध्ये जाण्याऐवजी रिपोर्टातली इस्ट्रोजेन रिसेप्टरची ओळ बघा. तेही केंद्रकातलंच प्रथिन, पण हे नुसती खूण नाही. इस्ट्रोजेन येऊन चिकटलं की ते डीएनएवर बसून जनुकं चालू करतं, त्यातली काही पेशीला विभाजनाच्या चक्रात ढकलतात. त्याला रोखणारी औषधं आहेत, आणि रोखलं की केआय-६७ही उतरतं. ब्रिटनमधल्या ‘पोएटिक’ नावाच्या औषध-अभ्यासात रजोनिवृत्ती झालेल्या सुमारे ४,५०० स्त्रिया होत्या. त्यातल्या ज्यांना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे इस्ट्रोजेन घटवणारी गोळी दिली, त्यांच्यापैकी ज्यांचा आकडा तेवढ्यात खाली आला, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. एका दिवशीच्या १६-२४च्या वादापेक्षा ही घसरण जास्त बोलकी आहे.

ऑन्कॉलॉजिस्टकडे जाताना दोन्ही रिपोर्ट न्या, सोबत दोन्ही लॅबच्या स्लाइडही. दोन्ही स्लाइड एकाच पॅथॉलॉजिस्टने शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक रंगात आहे की मोजणीत, हे लगेच कळेल. ब्लॉक मात्र लॅबमधून परत घ्यायला विसरू नका. पुढे जनुकांची चाचणी करायची ठरली तर तोच लागेल.