लपून बसलेलं पाणी

गाडीचं इंजिन गार ठेवणारं कूलंट स्वतःच बदलायचं म्हणून दुकानातल्या त्याच्या कपाटासमोर उभं राहिलं की मला बर्फाच्या गोळ्याची गाडी आठवते. हिरवं, गुलाबी, निळं, केशरी, जांभळं. काला खट्टा तेवढा मिळत नाही. दुकानदार विचारतो, "कुठला कलर देऊ?" आणि आपण बिनदिक्कत कलर सांगतो. अहो, तो नुसता वरून घातलेला रंग! एकाचं हिरवं दोन वर्षांत दमतं, दुसऱ्याचं हिरवं पाच वर्षं काढतं. खरी भानगड आतल्या गंजरोधकांची. जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये बहुधा फॉस्फेट असतं आणि सिलिकेट टाळलेलं असतं. युरोपात उलटं, कारण तिथल्या जड पाण्यात फॉस्फेटचा थर बसतो. तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी आणि टोलच्या पावत्यांखाली गाडलेलं मॅन्युअल उकरून काढायचं आणि त्यात लिहिलंय तेच मागायचं. जुनं हिरवं होतं म्हणून नवीन हिरवं, हा न्याय साडीवरच्या ब्लाउजला ठीक आहे.

पुढचा फास डब्यावरच्या बारीक अक्षरात. एक कूलंट तयार, थेट ओतायचं; दुसरं कॉन्सन्ट्रेट, पाणी घालून वापरायचं. 'पाणी कशाला, दाटच बरं' असं म्हणणारे पुष्कळ. ही काही बासुंदी नव्हे. कूलंटमधला मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल; शुद्ध असेल तर ते उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, तर निम्मं पाणी घातलेलं उणे ३७ पर्यंत टिकतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी त्याच्यापेक्षा सरस, त्यामुळे दाट ओतलं की इंजिन उलट जास्त तापतं.

आता पार्किंगमधले काका येतात. बॉनेट उघडलं की ते येतातच. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? आम्ही जन्मभर नळाचं पाणी घातलं." काका, तेव्हाचं इंजिन बिडाचं होतं, आताचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. कूलंटचं आपल्याकडचं काम म्हणजे गंज रोखणं आणि उकळणं लांबवणं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जे पांढरं चढतं, तेच इंजिनात चढतं. पाणी डिस्टिल्डच घ्यायचं, बॅटरीत घालतात ते. आरओचंही नको.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाब असतो; झाकण सैल झालं की उकळतं पाणी थेट तोंडावर. गार झाल्यावर रेडिएटरखाली घमेलं ठेवून तळाचा ड्रेन प्लग सोडायचा. हा प्लग बहुधा प्लास्टिकचा. परत लावताना हाताने आवळायचा. इथे पान्याने मर्दुमकी दाखवणाऱ्याला नवा रेडिएटर घ्यावा लागतो. प्लग नसेल तर खालच्या होसची, म्हणजे रबरी नळीची, क्लिप पकडीने दाबून होस काढायचा. कूलंट घमेलं सोडून सगळीकडे जातं, ते गृहीत धरा.

मग फ्लश: डिस्टिल्ड पाणी भरून, इंजिन चालवून, गार करून, काढून टाकायचं. स्वच्छ येईपर्यंत. आणि इथेच माझ्या मते निम्मे लोक फसतात. समजा गाडीत एकूण ५ लिटर मावतं. प्लग सोडल्यावर निघतं सव्वातीनच्या आसपास. उरलेलं इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये दडी मारून बसतं. फ्लश केल्यावर ते म्हणजे निव्वळ पाणी! त्यावर तुम्ही निम्मं-निम्मं तयार कूलंट ३.२ लिटर ओतलंत, तर ग्लायकॉल पडलं १.६ लिटर, म्हणजे पाचात जेमतेम ३२ टक्के. गंजरोधकंही त्याच प्रमाणात पातळ झाली. म्हणून फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेट आणा: आधी अडीच लिटर ते ओतायचं, मग वर ७०० मिली डिस्टिल्ड पाणी. आत लपलेलं पाणी हिशेबात आपोआप बसतं. दूधवाल्यांना हे गणित समजवावं लागत नाही.

ओतायचं हळूहळू, नाहीतर हवा अडकते. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवायचा. नंतर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि इंजिन चालू. मे महिन्यात, नागपुरात, हीटर! काका इथे पांगतात. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा वरचा होस एकदम तापतो. रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबायचं. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, हीटरमधून गार वारा आला किंवा तापमानाचा काटा वर-खाली नाचला, तर हवा अजून आत आहे.

घमेल्यातलं जुनं कूलंट लगेच झाकायचं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. गटारात नाही, झाडाला तर नाहीच. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली असते. घाबरायचं नाही, हवा निघाली आणि तिची जागा कूलंटने घेतली. गार इंजिनवर दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत भरायचं आणि आठवडाभर रोज बघायचं. काका मात्र वाकून बघतात, "गळतंय वाटतं" म्हणतात आणि नळाची बादली घेऊन येतात.