खांबावर कॅमेरा आहे, चित्र नाही
सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे, यावर नाशिक महापालिकेच्या महासभेत झालेल्या चर्चेची बातमी वाचली. त्या चर्चेत कॅमेरे किती घ्यायचे आणि ठेका कुणाला, यावरच सगळा वेळ गेलेला दिसतोय. बंद पडले तर बघायचं कुणी, हे एकाही नगरसेवकानं विचारलं नाही, की बातमीत आलं नाही?

गेल्या वर्षी भाजीबाजारातून माझी ॲक्टिव्हा चोरीला गेली. समोरच खांबावर कॅमेरा. फुटेज बघायला गेलो तर पडद्यावर निम्मी गुलमोहराची फांदी, निम्मं कोळ्याचं जाळं. पलीकडच्या कॅमेऱ्याचं विचारलं, तर तिथला माणूस म्हणे, "काका, उशीर केलात. जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं." अहो, तीन आठवडे तुम्हीच फिरवलंत की!

सिंहस्थासाठी गर्दीवर नजर हवीच, वाद नाही. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी आम्ही पंचवटीकर विसरलेलो नाही. पण पडद्यावर गर्दी तुंबलेली दिसल्यावर मागची वाट अडवणारा माणूस जागेवर नसेल, तर कॅमेरा नुसता साक्षीदार. म्हणून निविदेतच पाच वर्षांची देखभाल, लाइट गेल्यावरचा बॅकअप, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार आणि ते कोण बघणार, हे लिहून घ्या. आमच्या गल्लीत कोण कुणाकडे जातं, हे कुणीही बसून बघावं असं नको.

आणि हो, फांद्या कोण छाटणार तेही लिहा.