किडनॅपिंग म्हणजे जन्मठेपच? एका व्हायरल मजकुराचा प्रतिवाद

‘परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाने वाचावे’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा गाभा असा: अमेरिकेत किडनॅपिंगचा आरोप लागला की एफबीआय दारात येते, ज्युरी बसते आणि जन्मठेप ठरलेली. सौदा, म्हणजे गुन्हा कबूल करून आरोप किंवा शिक्षा कमी करून घेणं, होतो तो फक्त पैसेवाल्यांचा. बायकोने माफ केलं तर केस मिटते. आणि पोटच्या पोराला घेऊन गेलं तर तो गुन्हाच नाही. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच. यातल्या एखाद्या वाक्यावर भरवसा ठेवून कुणी वकील न गाठता बसून राहिलं तर पस्तावेल, म्हणून हे उत्तर.

एक गोष्ट आधी सांगतो. अमेरिकेत पन्नास राज्यं, पन्नास फौजदारी कायदे. मी कॅलिफोर्नियापुरतं बोलतो, कारण आपली माणसं तिथे बरीच आहेत. त्या राज्यात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे समजा. प्रत्येकीचं आपलं सुपिरियर कोर्ट आणि लोकांनी निवडून दिलेला आपला डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील. फ्रीमाँट अलामेडा काउंटीत, आणि त्याला चिकटून असलेलं मिलपिटास सँटा क्लारात. हद्द ओलांडली की कलमं तीच राहतात, पण सरकारी वकील, न्यायाधीश आणि जामिनाच्या रकमांचा तक्ता बदलतो.

आता एफबीआय. अपहरणाचा केंद्रीय कायदा १९३२ चा. वैमानिक लिंडबर्गचं तान्हं मूल न्यू जर्सीतल्या घरातून पळवलं गेलं, त्या खळबळीतून तो आला. पण तो मुख्यतः माणसाला राज्याबाहेर नेण्यासारख्या प्रकरणांसाठी आहे. बाकीचे खटले काउंटीतच चालतात. गंमत म्हणजे लिंडबर्ग प्रकरणाचा १९३५ चा खटलाही हंटरडन काउंटीच्या कोर्टातच चालला, आणि तोही अपहरणाचा नव्हे, तर खुनाचा. अपहरणाला तेव्हा त्या राज्यात फाशी नव्हती, म्हणून सरकार पक्षाने घरफोडी करताना झालेला खून अशी मांडणी केली. शतकातलं सर्वात गाजलेलं अपहरण, आणि आरोपपत्र भलत्याच गुन्ह्याचं! काउंटी कोर्टांची रीत समजायला हे एवढं उदाहरण बास आहे.

‘जन्मठेप ठरलेली’ हा दावा सर्वात जास्त घाबरवतो, आणि चुकतोही सर्वात जास्त तोच. कॅलिफोर्नियात साध्या अपहरणाला, म्हणजे कलम २०७ ला, शिक्षा ३, ५ किंवा ८ वर्षं. मूल १४ वर्षांखालचं असेल तर ५, ८ किंवा ११. जन्मठेप येते ती कलम २०९ मध्ये: खंडणीसाठी, किंवा दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्यासाठी पळवलं तर. खंडणीच्या प्रकरणात इजा किंवा मृत्यू झाला तर पॅरोलचीही आशा नाही. कायदा कडक आहे, यात वाद नाही. पण आरोपपत्रावर २०७ लिहिलेलं असणं आणि शिक्षा २०७ खाली होणं, यात बरंच अंतर असतं.

ते अंतर शब्दशः फुटांतही मोजलं गेलंय. अपहरण सिद्ध व्हायला माणसाला बळाने किंवा धाकाने ‘लक्षणीय अंतर’ हलवलं हे दाखवावं लागतं. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं, की लुटारूंनी पीडित स्त्रियांना त्यांच्याच घरात ५-६ फूट, १८ फूट, ३० फूट असं हलवलं होतं. न्यायालय म्हणालं, हे लुटीच्या ओघातलं हलवणं आहे, लुटीसाठीचं अपहरण नव्हे. १९९९ मध्ये आणखी स्पष्ट झालं: नुसते फूट मोजायचे नाहीत, हलवल्याने धोका वाढला का, लोकांच्या नजरेआड नेलं का, हेही बघायचं. साहजिकच बचावाचा वकील फाइल उघडली की पहिला हात इथेच घालतो. हलवणं ठरलं नाही, तर उरतं कलम २३६, म्हणजे कोंडून ठेवणं. त्याला साधेपणी जास्तीत जास्त ३६४ दिवसांची काउंटी तुरुंगवारी, आणि जबरदस्ती, धाक किंवा फसवणूक असेल तर १६ महिने, २ किंवा ३ वर्षं.

एक काल्पनिक पण नेहमीच्या साच्यातलं उदाहरण घ्या. नवराबायकोचं गाडीत भांडण. ती म्हणते, मला उतरव. तो दारं लॉक करतो, तिचा फोन हिसकावतो आणि हायवेवरून गाडी पुढेच दामटतो. पेट्रोल पंपावर ती उतरून ९११ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावते. पोलीस त्याला नेतात आणि डिस्ट्रिक्ट अटर्नी भरगच्च आरोपपत्र दाखल करतो: २०७, २३६, फोन हिसकावल्याचं वेगळं कलम, मार लागला असेल तर त्याचं आणखी एक. अटकेत असलेल्याला रविवार-सुट्या वगळून ४८ तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. प्राथमिक सुनावणी, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे बघणं, १० कोर्ट-दिवसांत व्हायची असते, पण आरोपी बहुधा तो हक्क सोडतो, म्हणजे वकिलाला वेळ मिळतो. आणि याच मधल्या काळात प्रकरणाचं खरं भवितव्य ठरतं.

मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, तर त्याने ते आवर्जून छापलं असतं: १९८२ पासून कॅलिफोर्नियात अपहरणासारख्या गंभीर गुन्ह्यांत प्ली बार्गेनला, म्हणजे याच कबुलीच्या सौद्याला, कायद्यानेच मनाई आहे. लोकांनी मतदानाने केलेला नियम आहे तो. मग सौदे होतात कसे? एक म्हणजे ही मनाई प्राथमिक सुनावणीनंतर दाखल होणाऱ्या आरोपपत्रापासून लागू होते, त्याआधीच्या बोलण्याला नाही. दुसरं, पुरावा अपुरा असेल, महत्त्वाचा साक्षीदार मिळत नसेल, किंवा शिक्षेत फारसा फरक पडणार नसेल, तर सूट आहे. एवढ्या फटी असल्यावर काय होणार ते आपल्याला सांगायला नको. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या निकालात नोंदवलं आहे की राज्यांतल्या दोषसिद्धींपैकी ९४ टक्के गुन्ह्याच्या कबुलीतून येतात. ज्युरी बसते ती उरलेल्या थोड्यांसाठी.

आपल्या उदाहरणात शेवट साधारण असा होतो: २०७ मागे घेतलं जातं, २३६ ची कबुली होते आणि तुरुंगाऐवजी प्रोबेशन, म्हणजे अटी पाळून देखरेखीखाली बाहेर राहणं, मिळतं. घरगुती हिंसेचं प्रकरण म्हणून ते किमान ३६ महिन्यांचं, घरगुती हिंसा थांबवायला शिकवणारे, आठवड्याला एक असे ५२ वर्ग, आणि बायकोपासून लांब राहण्याचा आदेश. कबुलीच्या फॉर्मवर प्रत्येक हक्काशेजारी चौकट असते. ज्युरीचा हक्क सोडला, उलटतपासणीचा सोडला, असं म्हणत एकेका चौकटीत आद्याक्षरं करायची. मग न्यायाधीश तेच सगळं तोंडी विचारतात. नागरिक नसाल तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, ही ताकीद तिथेच दिली जाते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने सर्वात कान टवकारून ऐकायचं वाक्य तेच आहे. ‘जेल नाही ना, मग सही करतो’ म्हणणारा पुढे व्हिसा घालवून बसतो. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्ष शिक्षा आणि ३६४ दिवस शिक्षा यांत इमिग्रेशनच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, म्हणून तिथले शहाणे वकील एकेका दिवसासाठी घासाघीस करतात. कलम कुठलं, एवढ्यावर भागत नाही. कबुलीचे शब्दही तपासून घ्यायचे.

‘सौदा पैसेवाल्यांचाच’ हे दोन वाक्यांत निकालात काढू. वकील परवडत नसेल त्याला पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचावाचा वकील, मिळतो, आणि कबुलीचे सौदे तोही रोज करतो. पैशाचा जोर दिसतो तो जामिनात: बाहेर राहून लढायचं की आत बसून कंटाळून कबूल करायचं, हे पुष्कळदा खिशावर ठरतं.

‘बायकोने माफ केलं तर केस मिटते’ हा समज कुठून आला ते कळतं. आपल्याकडे पळवून नेण्याची एफआयआर होते, दोन्ही घरं समेट करतात आणि उच्च न्यायालयात जाऊन ती रद्द करून घेतात. तिकडे खटल्याचं नावच ‘कॅलिफोर्नियाची जनता विरुद्ध अमुक’ असतं. केस मागे घ्यायची की नाही हे डिस्ट्रिक्ट अटर्नी ठरवतो, बायको नव्हे. आपसात भरपाई देऊन मिटवायची सोय फक्त किरकोळ गुन्ह्यांना आहे, आणि घरगुती हिंसेला तीही नाही. ती साक्षीला आलीच नाही तर? पुरावा कमजोर होतो आणि सौदा स्वस्त होतो, हे खरं. पण संकट चालू असताना ९११ ला केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग साक्षीदाराविनाही पुरावा म्हणून चालू शकतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवलं आहे. तो पेट्रोल पंपावरचा फोन आठवा.

राहिला आईबापांचा मुद्दा. आपल्या लोकांना प्रत्यक्षात सर्वात जास्त भोवतो तो हाच. पालकाला २०७ सहसा लागत नाही, इथपर्यंत मजकूर बरोबर. पण दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून मूल लपवलं किंवा नेलं तर कलम २७८.५ आहे, आणि त्याला आधी कोर्टाचा ताब्याचा आदेश असावाच लागतो असंही नाही. मूल अमेरिकेबाहेर नेलं तर १९९३ चा वेगळा केंद्रीय कायदा, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. मुलं परत पाठवण्याच्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे पुण्यात आल्यावर प्रकरण वेगळंच वळण घेतं. इथली कोर्टं परदेशी आदेशापेक्षा मुलाचं हित मोठं मानतात. तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटतं.

मारहाणीला भिऊन मूल घेऊन निघालेल्या आईला कायद्याने वाट ठेवली आहे: १० दिवसांत डिस्ट्रिक्ट अटर्नीला कळवायचं, ३० दिवसांत ताब्याचा दावा सुरू करायचा. आणि अटक किंवा वॉरंटच्या आधी मूल सुखरूप परत आलं तर शिक्षा ठरवताना ते जमेस धरलं जातं. ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून या मुदती घालवल्या, तर काउंटीत वॉरंट निघतं आणि पडून राहतं. पुढे कधीतरी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, पासपोर्ट स्कॅन केल्यावर समोर येतं.