अभिमान बाळगा, अर्ज करू नका

देशावर मनापासून प्रेम करणारा आणि सरकारच्या हातातल्या सत्तेकडे संशयाने पाहणारा नागरिक एकच असू शकतो, असा एक चमत्कारिक समज नाशकात अजून शिल्लक आहे. तो वेळीच दूर झालेला बरा. सिंहस्थ तोंडावर आला आहे, पाहुण्यांची रीघ लागणार आहे, आणि अशा वेळी घरच्यांनीच हिशेब मागणे शोभत नाही.

आरंभ अभिमानापासून करावा, कारण त्याला खर्च नाही. काही कविता छापल्याबद्दल 1909 साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. मात्र सगळा भर इंग्रजांच्या दुष्टपणावर ठेवावा, कायद्याच्या कलमांवर नको. बाबारावांवरच्या खटल्यातले राजद्रोहाचे 124 अ हे कलम इंग्रज जाताना इथेच ठेवून गेले आणि आपण ते सात दशकांहून अधिक काळ जिवापाड जपले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 152 वे कलम आले. त्यात राजद्रोह असे कुठेही म्हटलेले नाही. जन्मठेप मात्र आहे. ‘‘मग बाबा, तसल्या कविता आज छापल्या तर?’’ असे मुलाने विचारलेच, तर त्याला मिसळीचे पाव आणायला पिटाळावे.

अभिमानाचा दुसरा ऐवज म्हणजे नाशिकरोडची प्रेस. परदेशी निघालेल्या भाच्याच्या हातातला पासपोर्ट उलटसुलट करून ‘‘हे आमच्याकडे छापतात बरं का’’ असे सांगण्याचा आपला हक्क कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. पासपोर्ट मात्र हिरावून घेता येतो. 1977 च्या जुलैमध्ये सरकारने मनेका गांधी यांना पासपोर्ट जमा करण्यास सांगितले आणि त्यांनी कारण विचारले तेव्हा, जनहितासाठीच कारण देता येत नाही, असे उत्तर पाठवले. हे सरकार आणीबाणी लादणाऱ्यांचे नव्हते. आणीबाणीविरुद्ध तुरुंगात जाऊन आलेल्यांचे होते, आणि बाई इंदिरा गांधींच्या सूनबाई होत्या. त्यामुळे अनेकांना त्यात काही खटकले नसावे. सर्वोच्च न्यायालयाला खटकले. व्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आणणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे, असे त्याने जानेवारी 1978 मध्ये ठरवले. आपण यातून इतकेच घ्यावे की, आपल्या पसंतीचा पक्ष सत्तेवर आला म्हणजे सावध राहण्याची जबाबदारी संपते आणि तो पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी लोकशाही धोक्यात येते.

याच नियमानुसार आणीबाणीविषयी बोलावे, आणि दरवर्षी 25 जूनलाच बोलावे. माणसाला विनाचौकशी डांबले तरी न्यायालयाने दखल घ्यायची नाही, असे 28 एप्रिल 1976 रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले आणि एकट्या हंसराज खन्ना यांनी विरोध केला. पुढे ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. आजच्या भाषेत त्यांना नकारात्मक विचारांचा माणूस म्हटले गेले असते. असे शेजारी आपल्या सोसायटीतही असतात. देखभाल खर्चाच्या पावत्या मागणारे. त्यांच्यापासून दूर राहावे.

जमावबंदीची सवय करून घ्यावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला मनाई करणारा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांहून अधिक टिकत नाही. म्हणून तर पंधरा दिवस भरले की नवा आदेश काढता येतो. 1930 साली काळाराम मंदिराच्या दारात हजारो सत्याग्रही उभे राहिले, त्याचा गौरव करायला आपण चौघेच जमावे.

झेंड्याचे सोपे आहे. डिसेंबर 2021 पासून तो पॉलिस्टरचाही चालतो आणि 2022 पासून घरावर रात्रंदिवस लावता येतो. श्रावणाच्या पावसात त्याची कड उसवून दोरे लोंबू लागले, तरी उतरवू नये. फाटलेला ध्वज लावू नये असे ध्वजसंहितेत लिहिलेले आहे खरे, पण ती वाचत बसणारा मनुष्य उद्या संविधानही वाचू लागेल.

सर्वांत मोठा धोका दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटात आहे. ते साध्या कागदावर चिकटवून माहिती अधिकाराचा अर्ज केला की, अभिमानाने भरलेल्या छातीत एकाएकी प्रश्न येऊ लागतात: तपोवनातली झाडे कोणाच्या आदेशाने तोडायची ठरली, रस्त्याचे काम कोणाला मिळाले, किती रकमेला. सुदैवाने 2023 च्या विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले 8(1)(ञ) हे कलम बदलून वैयक्तिक माहिती नाकारणे पुष्कळ सोपे केले आहे, त्यामुळे साहेबांची बरीच दगदग वाचेल. तरीही आपण अर्ज टाकलाच असेल आणि नकार आला असेल, तर घाबरू नये. पहिल्या अपिलासाठी 30 दिवसांची मुदत असते. ती शांतपणे निघून जाऊ द्यावी.