बिघडलंय काय?

आपण हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करत असू आणि मामा सदाशिव पेठेत राहत असतील, तर जगातल्या सगळ्या कॉम्प्युटर कंपन्यांचे निर्णय आपणच घेतलेत असं धरलं जातं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे अपडेट, संपला. खुलासा द्यायला मला पेठेत बोलावणं आलं.

“यात बिघडलंय काय?” मामांनी डेस्कटॉपवर थाप मारली.

“काही नाही.”

“मग?”

या ‘मग’पायी माझा चहा निवला. अपडेट थांबले की नव्यानं सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही, हे त्यांना पटलं. म्हणाले, मग विंडोज ११ टाक. अकराला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं, ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं, चालू केलं. सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीचा कोड चालू देणारी सोय) केलं. रॅम चार जीबी पुरते, मामांची आठ. तरी नकार! मोजके अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत आणि मामांचा सातव्या पिढीचा.

मामांनी बिल काढलं. (बिल असतंच. खोकंही माळ्यावर असतं.) खरेदी २०१७ च्या दसऱ्याची, ३० सप्टेंबर. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले ५ ऑक्टोबरला. साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त साधून मामा पाच दिवसांनी हुकले होते. यावर ते काही बोलले नाहीत. मामी बोलल्या.

मग मी कंपन्यांची बाजू घेतली. पगार तिकडूनच येतो. म्हटलं, प्रत्येक जुन्या चिपसाठी वेगळा कोड सांभाळावा लागतो आणि तो तपासायला तसं मशीनही कुणाकडे उरत नाही. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) लिहिलं तेच मुळी इंटेलच्या ३८६ चिपवर, पण २०१२ च्या डिसेंबरात त्यानंही ३८६ ला रामराम ठोकला.

“३८६ आला कधी?”

“१९८५.”

“सत्तावीस वर्षं. म्हणजे माझा २०४४ पर्यंत चालायला हवा.”

त्यात त्यांची चेतक आडवी आलीच. “बजाजनं पेट्रोलची चेतक बंद केली, तरी नाना पेठेत पार्ट मिळतात. आकुर्डीहून माणूस येऊन किक काढून नेत नाही!”

लिनक्स टाकू का, असं विचारून पाहिलं. पण मामांचं आजवरचं सगळं लिखाण श्रीलिपीत, म्हणजे पुण्यातल्याच सॉफ्टवेअरमध्ये, आणि ती चालते विंडोजवर. विषय मिटला.

शेवटी ठेवणीतलं काढलं: नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तीस डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर ठेवा.

“म्हणजे दुरुस्त्या तयार असतात?”

“असतात.”

“फक्त मला द्यायच्या नसतात.”

इथे मी पक्ष बदलला. ३८६ ला किती ओढायचं, हे समजू शकतं. पण टीपीएम आहे, रॅम आहे, सगळं धडधाकट चालतंय आणि यादीत नाव नाही म्हणून बाहेर, हा तर शुद्ध सरकारी खिडकीचा कारभार.

बॅकअपच्या बदल्यात नाव नोंदवलं. मामांनी नव्या तारखेवर कॅलेंडरात फुली मारली आणि जरा पुढे बोट नेलं. दसरा नेमका आठवडाभरानं.

“चला, दसऱ्यालाच नवा घेऊ,” मी म्हटलं.

“छे! दसऱ्याला दुकानात जायचं, भाव विचारायचा आणि घरी यायचं. घ्यायचा तो पाच दिवसांनी.”